काचेवरच्या कुरडया

राखी गांगुर्डे पहाटे बाहेर पडायची तेव्हा स्कूटीच्या मागे बांधलेला लांब दांड्याचा ब्रश बघून कॉलनीतली कुत्री अजूनही भुंकायची. माणसांनी मात्र भुंकणं सोडलं होतं. सुरुवातीला विहारापुढच्या बाकावर बसणाऱ्यांनी तिचं नाव "गच्चीवाली" पाडलं होतं. मग त्यांच्यातल्याच एकाच्या सुनेनं येऊन विचारलं, "ताई, ते ॲप फोनवर कसं घ्यायचं?" आणि बाक गप्प झाला.

माहेर निफाडकडचं. लग्नानंतर ती नाशिकला आली, पण कामाला जायची पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये. द्राक्षांचे घड कात्रीनं साफ करायचे, खराब मणी काढायचे. हॉलमधल्या गारठ्यानं बोटं बधिर व्हायची, आणि हंगाम संपला की कामही संपायचं. एका वर्षी त्याच पॅकहाऊसच्या पत्र्यावर सोलर बसलं आणि ते धुवायला एक पोरगी आली. पाठीवर पिशवी, हातात फोन. जेवणाच्या सुट्टीत राखी तिच्याशेजारी जाऊन बसली आणि उठली ती "ऊनसाथी" नावाचं ॲप फोनमध्ये घेऊनच.

घरी सांगितल्यावर सासू म्हणाली होती, "आमी जलमभर ऊन चुकवत आलो, अन् ही ऊन धुवायला चालली."

"ऊन नाही आत्याबाई, काचा धुवायच्या असतात. काचेवर धूळ बसली की वीज कमी होते."

"तेच ते," भिमाबाई म्हणाल्या.

नवरा धम्मपाल टेम्पो चालवायचा. तो आईच्याही बाजूनं बोलला नाही आणि बायकोच्याही. दुसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं स्कूटीला ब्रश बांधायला दोन हूक लावून दिले. राखीच्या मते त्याच्या आयुष्यातलं ते सर्वात लांबलचक भाषण होतं.

काम सरळ होतं. फोन वाजला की काम घ्यायचं, ऊन चढायच्या आत गच्ची गाठायची, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकते. धुण्याआधी एक फोटो, धुतल्यावर एक. मग गिऱ्हाईक तारे देणार. राखीच्या नावापुढे तारे भरभरून होते. तिला सलत होतं ते नावाखाली लिहिलेलं, "सफाई साथी". पावसाळ्यात काचा पाऊसच धुतो, म्हणजे चार महिने ॲप झोपायचं आणि राखी पुन्हा मिळेल त्या कामाला. "तंत्र साथी" झालं की मात्र पॅनेल बसवायचे, तारा जोडायच्या, बिघाड काढायचा. ते काम बारमाही. सातपूरला त्याचं प्रशिक्षण होतं आणि या खेपेच्या यादीत तिचं नाव आलं होतं.

नेमकी तेव्हाच तक्रार आली.

पाथर्डी फाट्याजवळची गिरिजा हाइट्स. सेक्रेटरी देवरे साहेब. बँकेतून निवृत्त झालेले आणि त्यानंतर सोसायटीला नोकरी समजून बसलेले. त्यांच्या फोनवर सोलरची वीज दिवसभर कशी वरखाली होते त्याचा आलेख दिसायचा. सकाळी चढण, दुपारी माथा, संध्याकाळी उतार. पण पंधरवड्यापासून डोंगराचा माथा कुणीतरी चावून खाल्ल्यासारखा दिसत होता. देवऱ्यांनी तक्रार केली, "सफाई निकृष्ट". राखीनं जाऊन फुकट पुन्हा धुतलं. माथा खाल्लेला तो खाल्लेलाच. देवऱ्यांनी पुन्हा तक्रार केली.

ॲपच्या ऑफिसातून पल्लवीचा फोन आला. राखीला कामावर घेणारी हीच.

"राखीताई, मला माहितीये तू कामचुकार नाहीस. पण सिस्टीमला ते कळत नाही. आणखी एक तक्रार आली तर तुझा आयडी आपोआप बंद होतो. मग प्रशिक्षण सोड, सफाईचं कामही जाईल."

"मशिनमध्ये बिघाड नसेल?"

"मशीन तपासलंय, ठीक आहे. तू उद्या एकदा जाऊन ये. काय ते शोधून काढ."

रात्री जेवताना राखीचं लक्ष नव्हतं. भिमाबाईंनी तिच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकली.

"कोण मेला तक्रार करतोय? नाव सांग, मी जाऊन बोलते."

"नाव सांगून काय करू? गिऱ्हाईक आहे ते. आणि तुम्ही कुठे जाणार? जिने चढायचे नाहीत, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलंय ना?"

"मी कुठं चढती जिने? विहारात जाती अन् येती."

"रोज दुपारी विहारात काय असतं एवढं?"

"बायकांचं असतं काय काय," म्हणत भिमाबाई हात धुवायला उठल्या. धम्मपालनं एकदा आईकडे बघितलं आणि डाळ वाढून घेतली.

सकाळी राखी गिरिजा हाइट्सच्या गच्चीवर पोचली तेव्हा उजाडत होतं. आडव्या उजेडात काचांवर गोल गोल डाग दिसत होते, बांगड्या ठेवून उचलल्यासारखे. मागच्या खेपेला तिला ते बोअरच्या पाण्याचे क्षार वाटले होते, म्हणून आज तिनं घरून फिल्टरचं पाणी आणलं होतं. तिनं एका डागावर ओलं बोट फिरवलं. क्षार खरखरीत लागतात, हे बुळबुळीत होतं. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि बोट जिभेला लावलं.

मीठ. आणि हिंग.

राखी तिथेच उकिडवी बसली. हिंग कावळा आणून टाकत नाही. पण आत्ता गच्ची तर रिकामी. जे काय होतं ते दुपारी होत होतं, आणि दुपारी वैशाखाच्या उन्हात गच्चीवर कोण येतंय? निदान ॲपवरचं तरी कुणी येत नव्हतं. तिनं काचा लखलखीत धुतल्या, फोटो काढला, पण ॲपवर "काम पूर्ण" दाबलं नाही. दुपारी ती डोक्याला ओढणी गुंडाळून परत आली.

शेवटच्या जिन्यावर असतानाच तिला बायकांचं हसणं ऐकू आलं. तिनं गच्चीचं दार ढकललं.

काचांच्या रांगांवर कुरडया वाळत होत्या. पांढऱ्याशुभ्र, ओळीनं, निळ्या काचेवर अशा उठून दिसत होत्या की राखीला क्षणभर रागवायचं सुचलं नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत चिकाचं पातेलं, भोवती सोसायटीच्या चारपाच बायका, आणि मधोमध स्टुलावर छत्रीखाली हातात सोऱ्या धरून बसलेल्या भिमाबाई एकीला दटावत होत्या, "अगं गरम हाय तवरच दाब! गार झाल्यावं काय दगड पाडशील का?"

मग त्यांचं दाराकडे लक्ष गेलं.

"आत्याबाई," राखी म्हणाली, "हाच का विहार?"

सोऱ्यातून अर्धी कुरडई पडली आणि तशीच लोंबत राहिली.

"तुला सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?" भिमाबाईंनी उलट तिलाच झापलं. "गुडघे गुडघे करून घरात बसवलं मला! टीव्हीपुढं किती बसायचं मानसानं? या सुवर्णाताई विहाराजवळच्या दुकानात भेटल्या. म्हन्ल्या, कुरडया करायला हात पायजे. अन् लिफ्ट हाय हितं, शेवटचा एकच जिना चढायचा."

गोऱ्यापान, गोल चेहऱ्याच्या सुवर्णाताई पदरानं घाम पुसत पुढे आल्या. "त्यांना काही बोलू नका हो. आमचीच चूक. अहो, ही पॅनेलं बसली आणि आमची गच्ची गेली. वाळवण घालायला वीतभर जागा नाही. वर यांनी नोटीस लावली, गच्चीवर वाळवणास बंदी. मग आजीच म्हणाल्या..."

"मी म्हन्लं, एवढी चांगली काच हाय," भिमाबाईंनी सांगून टाकलं. "तापती, उतरती हाय, कागदाची गरज नाय, वाळली की कुरडई आपली आपन सुटती."

"आणि वीज? काच झाकली की वीज कशी होणार?"

"कुरडई केवढी पातळ! ऊन आरपार जातं की."

राखीच्या हातात फोन होता. एक फोटो पाठवला की काम झालं होतं. तक्रार रद्द, आयडी शाबूत, सातपूर पक्कं. तिनं फोन उचलला तसे बायकांचे पदर तोंडावर गेले. भिमाबाईंनी मात्र पदर मागे सारला.

"ज्याची तक्रार आली ती सोसायटी हीच का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

राखीनं मान हलवली.

भिमाबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि काचांपुढे जाऊन सरळ उभ्या राहिल्या. "काढ फोटू. माझं तोंड नीट दिसू दे. खाली लिही, हिच्या सासूनं केलं."

राखीला रडू येईल असं वाटलं आणि आलं हसू. तिनं फोन खाली घेतला. "देवरे साहेब घरात आहेत का?"

"आहेत की," सुवर्णाताई म्हणाल्या. "माझेच ते."

आता पदर तोंडावर घ्यायची पाळी राखीची होती. सुवर्णाताईंनी नवऱ्याला फोन लावला. "वर या. आणि टोपी घालून या, ऊन आहे."

देवरे साहेब आले ते टोपी घालून आणि नियम घेऊनच. कुरडया बघून त्यांचा आवाज चढला. "हे काय चाललंय? नोटीस लावलीय ना मी दारावर?"

"लावलीत ना," सुवर्णाताई म्हणाल्या. "मग काल वाडगाभर तळलेल्या संपवल्यात तेव्हा नोटीस कुठे होती?"

एक बाई फिसकन हसली.

"साहेब," राखी मध्ये पडली, "तुमचा आलेख उघडा. आत्ता किती वीज होतेय ते बघत राहा फक्त." मग ती बायकांकडे वळली. "चला, त्या टोकाची रांग आधी. वाळलेल्या परातीत, ओल्या साडीवर. काचेवर नख लावायचं नाही."

बायका कामाला लागल्या. कुरडया टपाटप सुटत होत्या. भिमाबाईंचं काचेबद्दलचं म्हणणं तेवढं खरं होतं. राखी मागून ओलं, मग कोरडं फडकं फिरवत होती. फिल्टरचं उरलेलं पाणी सकाळपासून गच्चीवरच तापलं होतं, त्यामुळे काचेला धोका नव्हता.

"वाढला," देवरे म्हणाले.

"काय?"

"आकडा वाढला!" ते फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. दुसरी रांग मोकळी झाली. "परत वाढला! घ्या, घ्या, पुढची घ्या!" सामन्यात शेवटचं षटक असावं तसे ते ओरडत होते. बायका चढाओढीनं कुरडया काढत होत्या. भिमाबाई परात घेऊन मध्ये उभ्या होत्या, "अगं मोडू नका, वर्साचं खानं हाय!" शेवटची रांग मोकळी झाली तेव्हा डोंगराला त्याचा माथा परत मिळाला. देवऱ्यांनी टोपी काढून वारा घेतला.

"म्हणजे सफाई बरोबर होती," ते म्हणाले. त्यांना ते म्हणायला जड गेलं, पण म्हणाले. आणि तिथंच उभ्याउभ्या दोन्ही तक्रारी मागे घेतल्या. तारे द्यायच्या वेळी सुवर्णाताईंनी फोन त्यांच्या हातातून ओढला आणि स्वतः दिले, आहेत तेवढे सगळे.

राखीनं "काम पूर्ण" दाबलं. तरी ती निघाली नाही. साडीवरच्या ओल्या कुरडयांकडे बघत राहिली. गच्ची गेली होती ती या बायकांची, हे तर खरंच होतं. उद्या त्या दुसरी कुठली काच शोधतील. टाकीमागे पॅनेल बसवताना उरलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या धूळ खात पडल्या होत्या.

"साहेब, या पट्ट्या कुणाच्या?"

"सोसायटीच्याच. भंगारात द्यायच्यात."

"देऊ नका. मला बोल्ट आवळायचे पाने द्या आणि डासांच्या जाळीचं कापड आणा कुणीतरी."

संध्याकाळपर्यंत उत्तरेच्या कठड्याला जाळीची लांबलचक मांडणी उभी राहिली. तिथून सावली पॅनेलवर पडत नव्हती, आणि जाळीला वारा खालूनही लागत होता. राखीनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बोल्ट आवळून उभं केलं होतं. पल्लवीला फोटो गेला तो याचा. त्यात कोपऱ्यात भिमाबाई होत्या, पदर मागे सारून.

"हे तू बसवलंस?" पल्लवीनं विचारलं. "प्रशिक्षणाआधीच?"

"आधीच."

सातपूरचं प्रशिक्षण झालं. पाऊस आला, इतर सफाई साथींची कामं थांबली, पण राखीचा फोन वाजत राहिला. कुठे तार जळालेली, कुठे जोड सैल. त्या पावसाळ्यात तिला मिळेल त्या कामाला जावं लागलं नाही. भिमाबाई आता विहारात खरोखरच जायच्या, आणि बाकावरच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायच्या, "आमची मिस्त्रीन हाय ना, तिला येळच नसतो."

पुढच्या चैत्रात गिरिजा हाइट्सच्या शेजारच्या इमारतीवर सोलर बसवायचं काम निघालं, आणि देवऱ्यांच्या शिफारशीवरून तिथल्यांनी ॲपवर नाव घालून मागितली ती राखी गांगुर्डे, तंत्र साथी. ती खडूनं गच्चीवर रांगा आखत होती. सोबतच्या इंजिनिअरनं नकाशा बघून विचारलं, "इथं उत्तरेला पट्टा का सोडला? काही बसणार आहे का?"

"वाळवण," राखी म्हणाली आणि ड्रिल सुरू केलं.

आवाज थांबला तेव्हा दारात भिमाबाई उभ्या होत्या. एका हातात सोऱ्या, दुसरा हात चौकटीला, शेवटच्या जिन्यानं लागलेली धाप टाकत.

"जागा सोडलीस ना?"

"सोडली."

"मंग आज सांजच्याला गहू भिजत घालते," भिमाबाई म्हणाल्या आणि सावली बघून बसल्या.