मेथाडोनचा अर्थ

माझे मामा गेली तीस वर्षं एका दवाखान्यात औषधं देतात. पण नुसती गोळी हातावर ठेवतील तर ते मामा कसले! औषधाच्या नावाचा अर्थ सांगितल्याशिवाय त्यांचा हात खिडकीबाहेर यायचा नाही. मागे रांग खोळंबलेली, कुणी खोकतंय, कुणी कण्हतंय, आणि यांचं आपलं चालूच.

"आधी गोळी द्या, मग तिची कुळकथा सांगा," मामी चिडवायची.

मग मामीच्याच हाडांत कॅन्सर शिरला. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. मामांनी बाटली घरी आणली आणि सवयीने सांगून बसले, की हे नाव ग्रीकांच्या स्वप्नांच्या देवावरून पडलंय.

मामीने बाटली दूर सारली. "मला झोपवणारं काही नको. लेक यायची आहे. तिच्याशी बोलल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही."

मामांनी परोपरीने समजावलं, मी पाया पडलो, डॉक्टर रागावले. मामी हट्टाला पेटली होती. आठ दिवस ती उशीचं टोक दातांत धरून पडून राहिली. त्या उशीला पडलेली भोकं मी पाहिली आहेत. मला मामांचा राग आला होता, अजूनही येतो. सांगितल्यावाचून काय अडलं होतं?

नवव्या दिवशी डॉक्टरांनी औषध बदललं. मेथाडोन.

"याचा अर्थ?" मामीने विचारलं.

अर्थ नव्हताच. प्रयोगशाळेत बनवलेलं औषध. त्याच्या लांबलचक रासायनिक नावाचे तुकडे कापून जोडले, झालं नाव. मामांना ते तुकडेही पाठ होते. नावाच्या बाबतीत ते आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते.

"जागं राहा, असा अर्थ आहे," ते म्हणाले.

मामीने गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी तिने उशी सोडली. शनिवारी लेक आली. मामी तिच्याशी दोन तास बोलली, तिच्या कापलेल्या केसांना नावं ठेवली, हसलीसुद्धा. सोमवारी मामी गेली.

"तुमच्यामुळे तिला ते दोन तास मिळाले," मी मामांना म्हणालो.

"आणि ते आठ दिवस? तेही माझ्यामुळेच," मामा म्हणाले आणि माझ्यासमोर ढसाढसा रडले.

परवा एक बाई नवऱ्यासाठी मॉर्फिन न्यायला आली. तिने सहज विचारलं, "मामा, या नावाचा काय हो अर्थ?"

मामांनी बाटली तिच्या हातात दिली.

"काही नाही, ताई. वेळेवर द्या."