एकतीस नंबरची चिठ्ठी

सोमलिंगमामा बंद पाकीट कधी उघडत नसे, उन्हात धरत असे. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या कॉलेजात सव्वीस वर्षं शिपाई असलेल्या या माणसाचं म्हणणं एवढंच, की पाकीट फोडणं गुन्हा आहे, पण ऊन काय कुणाच्या बापाचं नाही. विद्यापीठाचं पत्र असो, लाइटबिल असो, प्राचार्यांना आलेली लग्नपत्रिका असो, आधी ऑफिसच्या खिडकीशी जाई आणि मग टेबलावर. मामाचा कशावरच विश्वास नव्हता. चहावाल्याने कप भरून दिला तरी "आज काय झालं याला?" म्हणून आत वाकून बघे.

मी कुर्डुवाडीचा. आमच्याकडे गाडी वेळेवर आली तरी लोक संशय घेतात, ही कालची तर नव्हे म्हणून. त्यामुळे मामाचं आणि माझं जमायचं.

मामा राहायला कुंभारीला. त्याची मुलगी काव्या आमच्याच वर्गात, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजात तिने बापाला ओळख द्यायची नाही आणि बापाने तिला हाक मारायची नाही, असा दोघांचा करार होता. करार मामा पाळायचा. फक्त ती कुणाशी बोलतेय ते खिडकीतून बघायचा.

तर जानेवारीत सरकारी तपासणी केंद्रातून चेतना मॅडम आल्या. लैंगिक आरोग्य तपासणी. एचआयव्ही, गरमी, काविळीचा एक प्रकार, असं सगळं एका नळीभर रक्तात कळणार. अठरा पूर्ण असलेल्यांनीच यायचं, मर्जी असेल तर यायचं, आणि नाव कुठेच लिहायचं नाही. डब्यात नंबरच्या चिठ्ठ्या, न बघता एक उचलायची, तोच नंबर नळीवर.

"नाव न्हाय म्हणत्यात," मामा मला म्हणाला. "सरकार नाव इचारत न्हाय, असं कदी झालंय का? मागनं घरला पत्र येतंय बघ."

वर्गातही तेच. प्रभु म्हणाला, "बिस्किटाचा पुडा फुकट देतायत. म्हणजे काहीतरी हाय." जो जाईल त्याच्यावर संशय, आणि जो जाणार नाही त्याच्यावर जास्त. शेवटी सगळेच गेले. सोलापुरात धाडस करायचं तर घोळक्याने करायचं.

घोळका बघून मामातला शिपाई जागा झाला. चेतना मॅडम आत सुया मांडत होत्या तेवढ्यात त्याने डबा टेबलावर उलटा केला, चिठ्ठ्या क्रमाने लावल्या आणि ओरडला, "लाइनीत या. रोल नंबरप्रमाणं." हॉलतिकीट, बसचा पास, गॅदरिंगचं कूपन, सव्वीस वर्षं त्याने सगळं असंच वाटलं होतं. आम्हीही मेंढरासारखे लागलो. बाराला बारा, एकतीसला एकतीस. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. मॅडमना नंबर दिसत होते, रांग दिसत नव्हती.

आठ दिवसांनी बसच्या पाससाठी बोनाफाईड घ्यायला मी ऑफिसात होतो. केंद्राचं पाकीट आलं. मामाने सवयीने खिडकीशी धरलं, मग पाकिटावर 'सूचना फलकासाठी' वाचून उघडलं. आत तीन ओळी. 'पुढील क्रमांकांनी पुन्हा तपासणीसाठी यावे: १२, ३१, ४४.'

मामाने टाचण्यांची डबी उचलली आणि तशीच हातात धरून उभा राहिला.

एकतीस म्हणजे काव्या. वर्गातल्या कुठल्याही पोराने फलक बघितला असता तर दुसऱ्या सेकंदाला ओळखलं असतं. (माझा त्रेचाळीस. सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही संशय घ्याल.)

"वाचलंस?" मामाने विचारलं.

"नाही."

"लबाड हायस. पन आसाच ऱ्हा."

कागदाची घडी करून त्याने शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, यादी लावता यायची न्हाय. नंबर म्हंजे नावंच हायत. मी रोल नंबरनं वाटल्या. चूक माजी हाय."

फोनवर मॅडमचा आवाज मलाही ऐकू येत होता. "म्हणजे हे तिघं कोण ते तुम्हाला माहीत आहे?"

"म्हायती हाय म्हणूनच फोन केला की."

मग मॅडम म्हणाल्या, "यादी फाडून टाका. मी गुरुवारी येते. सगळ्यांनाच बोलवा, रिपोर्ट एकेकाला आत देऊ."

"व्हय. मॅडम, ते एकतीस..."

"काय?"

"काय न्हाय," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवार ते गुरुवार मामाने एकही पाकीट उन्हात धरलं नाही. लाइटबिल सरळ टेबलावर गेलं, तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, "सोमलिंग, बरं नाही का?"

गुरुवारी मात्र त्याचा संशयी स्वभाव कामाला आला. पोरं दाराबाहेर घड्याळ लावून बसणार आणि जो आत जास्त वेळ राहील त्याच्या नावाने बोंब मारणार, हे त्याने आधीच ओळखलं. म्हणून आम्हाला वरच्या मजल्यावर बसवलं, तपासणीची खोली तळमजल्यावर ठेवली. एकेकाला स्वतः घेऊन जाई. आत गेलेल्याला थर्मासमधला कढत चहा संपवल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही असं मॅडमना सांगून ठेवलं होतं. आत दुसऱ्यांदा रक्त दिलेलं असो की नुसता चहा प्यायलेलं, सगळी दहा मिनिटांनी जीभ भाजून बाहेर.

"चहा कशाला?" प्रभुने कुरकुर केली.

"सरकारी नियम हाय," मामा म्हणाला.

काव्याची पाळी आली तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होतो. तो तिला इतरांसारखाच खाली घेऊन गेला. जिन्याच्या कठड्यावरून मला दिसलं, की दार लावून घेतल्यावर तो तिथून चालत पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दाराला वर काच होती. त्या काचेतून बघता आलं असतं.

पुढचं काव्याने पंधरा दिवसांनी कँटीनमध्ये सांगितलं. यादी, टाचणी, फोन, सगळं मीच तिला सांगून टाकलं होतं, तेव्हा ती आधी मला चार शब्द बोलली आणि मग म्हणाली, "बाबानं घरी एक शब्द विचारला नाही. बस दहा मिनिटं उशिरा आली तर कंडक्टर कोण होता विचारणारा माणूस. मला वाटलं, रागावलाय."

शेवटी तिनेच बापाला सांगितलं होतं. पहिल्या वेळी नळीत रक्त कमी भरलं होतं, म्हणून परत घेतलं, रिपोर्ट चांगला आलाय.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, मी इचारलं न्हवतं की. मग म्हणाला, ऊट आयतेन?" म्हणजे जेवलीस का. घरात ते कानडी बोलतात. "मी म्हटलं, जेवले. तर पुन्हा विचारलं. तीनदा."

बारा आणि चव्वेचाळीसचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मामाला असेल असा माझा संशय होता, म्हणून एकदा आडून विचारून बघितलं.

"कोन बारा?" मामा म्हणाला.

त्याच्या हातात विद्यापीठाचं पाकीट होतं. ते घेऊन तो खिडकीकडे गेला.