कंबरेवरचं दादाचं, कंबरेखालचं धाकट्याचं

आमच्या गल्लीत नखशिखान्त कपडे शिवून घ्यायचे तर दोन दुकानांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. थोरला शिंपी, ज्याला सगळी गल्ली 'मास्तर' म्हणते, फक्त शर्ट आणि कोट शिवतो. रस्त्यापलीकडे त्याचा धाकटा भाऊ फक्त पँट्स. वाटणीत कंबरेवरचं गिऱ्हाईक एकाचं, खालचं दुसऱ्याचं असं ठरलं. बोलणं तेवढं कुणाच्याच वाट्याला आलं नाही. त्याला नऊ वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात थोरल्याची लेक म्हणाली, "बाबा, सोमवारी इंटरव्ह्यू आहे. मला एक आउटफिट शिवून द्या ना. राखाडी."

कॉलेजात गेल्यापासून पोरीने रेडिमेडशिवाय काही घातलं नव्हतं. बापाची छाती अशी फुगली की स्वतःच्याच शर्टाचं बटण तुटायचं. "देतो की!" आउटफिट म्हणजे काय, हे विचारायला मात्र जीभ रेटेना. तीस वर्षं कात्री चालवली ती काय पोरीकडून शिकायला? कोटाचंच नवं नाव असणार, त्याने ठरवून टाकलं. हल्ली नावं बदलतात, बाह्या दोनच राहतात.

शनिवारी लेकीने कोट चढवला. "झकास! आणि पँट?"

"कसली पँट?"

"अहो बाबा, आउटफिट म्हणजे एकत्र घालायचं ते सगळं. अख्खा जोड. नुसत्या कोटावर जाऊ?"

"तुझी ती निळी आहे की."

"राखाडीवर निळी? त्यापेक्षा रेडिमेडच आणते."

रेडिमेड! मास्तरांना सुई नखात गेल्यासारखं झालं. "थांब, मीच शिवतो पँट."

आतून बायको म्हणाली, "स्वतःचा पायजमा उसवला तर माझ्याकडून टाके घालून घेता. तुम्ही पँट शिवणार?"

मास्तरांनी उरलेलं कापड काखेत मारलं आणि रस्ता ओलांडला. समोरच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थबकला.

धाकट्याने मशीनवरून मान वर केली नाही. "काय हवंय?"

"आउटफिट," मास्तर ऐटीत म्हणाले.

"म्हणजे?"

"तुला नाही कळायचं. अख्खा जोड असतो. वरचं झालंय, खालचं तेवढं राहिलंय. पोरीला सोमवारी लागतंय."

"माप?"

मास्तरांनी गळ्यातला टेप चाचपला. लेकीची कंबर किती, हे त्यांच्या वहीत कुठून असणार?

"आहे माझ्याकडे," धाकटा म्हणाला. "बुधवारीच देऊन गेली. म्हणाली, काका, बाबा येतील कापड घेऊन."

मास्तरांनी काखेतलं कापड पुढे केलं. धाकट्याने कापड चिमटीत चोळून पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं. "बस, दादा. कोट मी खिडकीतून पाहिलाय. अर्धा इंच लांब झालाय."

"तू आधी पँट शिव, मग अक्कल शिकव!"

नऊ वर्षांचं साचलेलं भांडण संध्याकाळपर्यंत चाललं. पँटही त्यातच शिवून झाली.