काकूचं कौतुक

काकूने कौतुक केलं की आमच्याकडे माणसं आधी आपलं काय चुकलं ते शोधत. पाचवीत मी गणितात नापास झालो तेव्हा ती म्हणाली, "वा! आता सत्काराला हॉल बघायला हवा." मी हाराची वाट बघत बसलो. त्यानंतर मात्र ती नुसतं "ये, बस" म्हणाली तरी मी उभाच राहत असे.

"सरळ बोललं की माणूस भांडतो," ती म्हणे, "तिरकं बोललं की घरी जाऊन विचार करतो." काका गेल्यावर इथे बंगालमध्ये, डमडमच्या घरात तिने मला एकटीने वाढवलं, ते असं तिरकं बोलूनच.

अशा घरात मी पारमिताला लग्न करून आणलं. मुलगी बंगाली, मराठी माझ्याकडून शिकलेली, म्हणजे बेताचीच. दोघींचं जमलं नाही तर काकूला एकटं सोडून वेगळं बिऱ्हाड करावं लागणार, या धास्तीने मी दुभाष्यासारखा दोघींच्या मध्ये उभा.

पहिल्याच रविवारी पारमिताने पुरणपोळी केली. चामड्यासारखी. काकूने दोन्ही हातांनी तुकडा तोडला आणि म्हणाली, "अप्रतिम! रोज करत जा."

पारमिता खरंच रोज करू लागली. सॉल्ट लेकच्या ऑफिसातून दमून आली तरी हातात लाटणं. शेवटी काकूच ओरडली, "अगं, कणीक घट्ट होतेय तुझी! सैल भिजव. सरक, दाखवते." काकूच्या तोंडून इतकं सरळ वाक्य मी प्रथमच ऐकलं.

मला संशय आला. पारमिताला बाजूला घेऊन विचारलं, "तुला तिचे टोमणे खरंच कळत नाहीत?"

"टोमणे? ओ मा! काकू तर किती कौतुक करतात."

चेहरा इतका निरागस, की माझा संशय दुप्पट झाला. काकू मात्र तिच्याशी सरळच बोलू लागली. करते काय बिचारी!

पुढे काही वर्षांनी काकूने अंथरूण धरलं. एका सकाळी आम्ही दोघं ऑफिसला निघालो, तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जा, जा. मी एकटी अगदी मजेत असते."

पारमिताने खांद्यावरची बॅग उतरवली आणि पलंगावर जाऊन बसली.

काकूने मान वळवून तिच्याकडे रोखून बघितलं. "लबाड! म्हणजे इतकी वर्षं सगळं कळत होतं तुला?"

"काय कळत होतं, काकू?"

काकू खोकला येईपर्यंत हसली. मग पारमिताचा हात धरून मला म्हणाली, "तू जा रे. तुझं काही काम नाही इथे."

मी गेलो. दुपारी फोन आला, काकू गेली.

"तुझं काही काम नाही इथे" हे तिचं वाक्य सरळ होतं की तिरकं, हे मी अजूनही पारमिताला विचारतो. ती म्हणते, "मला कुठे एवढं मराठी कळतं!"