माती परत आणणाऱ्या वत्सलाताई

वत्सलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरच्या एका दुकानात गणपतीचे डोळे आखत बसले होते. एक डोळा झाला होता, दुसरा राहिला होता. फोन ठेवला आणि आधी तो दुसरा डोळा पुरा केला... मूर्ती तशीच टाकून उठले असते तर ताईंनी मला उभीआडवी झापली असती. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. अलिबागजवळच्या गावातला आमचा गणपतींचा कारखाना थोरले दीर गेल्यावर त्यांनीच चालवला. साच्यातून मूर्ती काढणं त्यांचं, डोळ्यांची आखणी माझी.

शाडूची मूर्ती फुटली तरी माती हौदात भिजवून पुन्हा वापरता येते. पण एकदा डोळे आखले की ती देवाची, मग तिचे तुकडे हौदात घालायचे नाहीत, ही आमच्या घरची रीत. आणि मुंबईला जाताना टेम्पोत दरवर्षी चांगल्या आखलेल्या मूर्ती फुटत, सगळी माती वाया जाई. ताईंनी एके वर्षी फर्मान काढलं, डोळे मुंबईत. तेव्हापासून मूर्ती डोळ्यांविना निघू लागल्या. मी मागून कुंचले घेऊन जायचे, दुकानात बसून आखणी करायचे, आणि वाटेत फुटलेल्यांचे तुकडे पोत्यात भरून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला परतायचे. त्या बोटीवर माझी कोण लाज! आजूबाजूला बंगल्यावर सुट्टीला निघालेली चकचकीत मंडळी, आणि माझ्या पायाशी धूळ सांडणारं पोतं. एकदा त्याच्या भोकातून मातीचा इवलासा हात बाहेर आला तर शेजारची बाई किंचाळलीच. कुणी विचारलं की मी ‘पूजेचं सामान’ म्हणून मोकळी व्हायचे.

त्या दिवशी घरी येऊन मी ताईंवर तणतणले, “मूठभर मातीपायी चारचौघांत माझी शोभा होते.” त्या पडवीत बसून तुकड्यांचा रंग खरवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “व्हते तर व्हऊ दे गो. शाडू काय आपल्या परसात न्हाय उगवत. पार गुजरातेतून येतेय ती.” तुकडे खडखडीत वाळल्याशिवाय त्या हौदात टाकत नसत. ओला तुकडा पाण्यात ढिम्म बसून राहतो, कोरडा लगेच विरघळतो. शेवटी रिकामं पोतं उलटं करून हौदावर दोनदा झटकायच्या. धूळसुद्धा सोडायच्या नाहीत. मी त्यांना चिक्कू म्हणायचे, आणि त्या हसायच्या.

दहाव्याला घर भरलं होतं. ओटीवर माझ्या लेकीच्या सासरची पुण्याची मंडळी बसलेली. तेवढ्यात दादरचे दुकानदार आले, हातात जड पिशवी. “काकू, त्या दिवशी तुम्ही घाईत निघालात, फुटलेल्या दोन मूर्तींचे तुकडे दुकानातच राहिले. वत्सलाबाई नेहमी सांगायच्या, टाकू नका. म्हणून येताना घेऊन आलो.” विहीणबाईंनी पिशवीत डोकावून आपल्या यजमानांकडे पाहिलं. माझे कान तापले. “अहो, आज कशाला हे?” म्हणत मी पिशवी दुकानदारांच्या हातातून ओढून घेतली आणि दाराआड सारली. ते ताईंच्या फोटोला हात जोडून, चहाही न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पिशवी नाही. मुक्कामाला राहिलेल्या भाचीने पहाटे उठून घर आवरलं होतं. “तो कचरा ना मामी? घंटागाडीत दिला.” कचऱ्यासारखी दडवली होती मीच. दुकानदार मुंबईहून एवढं ओझं उचलून आले, त्यांना ताई कळल्या होत्या. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मला कळल्या नाहीत. त्या विचाराने अजूनही रात्री कूस बदलते... बोटीवरची लाज या लाजेपुढे काहीच नव्हती.

परवा पुन्हा पोतं घेऊन आले. बोटीवर एका गृहस्थांनी विचारलं, “काय आहे यात?” म्हटलं, “माती आहे. आमच्या कारखान्याची, परत नेतेय.” आवाज मात्र खालीच होता. घरी तुकडे पडवीत पसरले, रंग खरवडला, वाळल्यावर हौदात सोडले. मग पोतं उलटं करून झटकलं. ताई झटकायच्या तसं, दोनदा. धूळ पाण्यावर पसरली, हळूहळू खाली गेली. पोतं रिकामं झालं होतं, तरी मी झटकतच राहिले. दाराआडच्या त्या पिशवीतली माती त्यातून पडणार नव्हती, हे ठाऊक असूनही.