हात न लावता

आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिलीच. त्यामुळं कॉलेजात काय विचारायचं असतं, कुणाला विचारायचं असतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. नोटीस बोर्ड रोज वाचायचा असतो हे मला कळेपर्यंत खो-खोची निवड होऊन गेली होती.

मी सांगोल्याकडची. आमच्या शाळेच्या पटांगणात दोन लाकडी खांब रोवलेले होते, आणि त्या दोन खांबांच्या मध्ये माझी सगळी शाळा गेली असं म्हटलं तरी चालेल. मेंढरांमागं पळून पाय तयार झाले होतेच. कॉलेजात दुसरं काही जमो न जमो, खो-खो तर खेळता येईल, एवढ्या भरवशावर मी सोलापूरला आले होते. म्हणून निवड संपल्याचं कळल्यावर मी क्रीडा विभागाच्या दारात बराच वेळ नुसती उभी राहिले. शेवटी सरांनीच विचारलं, "काय पाहिजे?"

मी सांगितलं.

"खो-खोचा संघ भरला. पळता येतं का?"

"येतं की."

सरांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बास्केटबॉलला ये उद्या सकाळी. तिथं मुली कमी आहेत."

बास्केटबॉल मी तोवर फक्त चित्रात बघितला होता.

मी राहायला मावशीकडं, कुंभारीला. मावशी टॉवेलच्या कारखान्यात शिवण मारायला जाते. पहाटे पहिल्या बसनं निघायचं तर का निघायचं हे तिला सांगणं भाग होतं. मी जमेल तसं सांगितलं. उंच खांबाला गोल कडी असते, तिला जाळी असते, त्यात बॉल टाकायचा.

"आन् बॉल ऱ्हातो व्हय त्यात?"

"न्हाय. खाली पडतो."

"का?"

"जाळीला तळ नसतो."

मावशी भाकरी थापायची थांबली. "तळ नसलेल्या टोपल्यात टाकायला पहाटं उठून जायाचं? सोलापुरात शिकून लई शानी झालीस की गं."

मैदान ग्रंथालयाच्या मागं होतं. सिमेंटचं, मधोमध एक लांब भेग गेलेलं. एका बाजूची जाळी फाटून दोऱ्यासारखी लोंबत होती. मुलींचा संघ सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती. कॅप्टन शेवटच्या वर्षाला होती. ती भवानी पेठेतली, घरी तेलुगू बोलणारी. वडील घरातच टॉवेलचे माग चालवायचे. तिला सगळ्या 'अक्का' म्हणायच्या, तिच्यापेक्षा मोठ्या असलेल्यासुद्धा. मी कुठून आले, काय खेळायचे हे ऐकून तिनं माझं नावच बदलून टाकलं.

"ए खो-खो, बूट आहेत का? नाहीत? माझे जुने आणते उद्या. थोडे मोठे होतील. पुढं कापूस घाल."

अक्काला कॉलेजा-कॉलेजांमधल्या स्पर्धेची ढाल पाहिजे होती. हे ती लपवून ठेवत नसे. जिंकलेली ढाल कॉलेजच्या कपाटात जाण्याआधी एक रात्र कॅप्टनच्या घरी राहते, अशी आमच्याकडं पद्धत आहे. तिच्या वडिलांनी तिला कधी खेळू नको म्हटलं नाही, पण तीन वर्षांत एकदाही 'काय झालं मॅचचं?' असं विचारलंही नव्हतं. पहाटे ती बाहेर पडायची तेव्हा त्यांचा माग चालू असायचा, परत यायची तेव्हाही चालूच. "एकदा ती ढाल घेऊन आमच्या गल्लीतून जायचंय मला," ती म्हणायची, "मग बघू माग थांबतोय का." मागच्या वर्षी आमच्या कॉलेजचा संघ दुसरा आला होता. आता हे तिचं शेवटचं वर्ष.

त्या वर्षी पाचच कॉलेजांचे संघ होते, म्हणून साखळी सामने ठेवले. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं आणि ज्यांचे विजय जास्त त्यांची ढाल. आमचा पहिला सामना अक्कलकोटच्या मुलींशी होता, त्यांच्याच मैदानावर. तो आम्ही माझ्यामुळं हरलो.

झालं ते असं. मी राखीव मुलींत बसले होते. शेवटची काही मिनिटं राहिली होती आणि दोन्ही संघांचे गुण सारखे. अक्का बाहेर चाललेल्या बॉलमागं आमच्या बाकाजवळून पळत गेली, बॉल त्यांच्या एका मुलीनं घेतला, आणि तोल सावरताना तिचा हात माझ्या पाठीवर पडला. बस्स. पाठीवर हात पडला की उठायचं आणि पळायचं, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं की डोक्याला विचारायला वेळच मिळाला नाही. मी उठले आणि थेट मैदानात शिरले. समोर जी मुलगी बॉल घेऊन चालली होती तिच्या मागं लागले. पंचांची शिट्टी वाजली तेव्हा मला वाटलं, आपण गडी बाद केला.

मैदानात आम्ही सहाजणी होतो.

अक्कलकोटच्या बाकावरून कानडी ऐकू आलं, मग खूप हसणं, मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत, "अगं बाई, पाच पांडवांत ही सहावी कुठनं आली!"

त्यांना एक फ्री थ्रो मिळाला, म्हणजे कुणी न अडवता एकदा बॉल टाकायची संधी. बॉल जाळीत पडला. तेवढ्याच एका गुणानं हरलो.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. अक्का उठून तिथं येऊन बसली. मला वाटलं आता बोलेल. पण एकदम तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती.

"उठलीस कशी पण!" ती म्हणाली. "तोफेतनं सुटल्यासारखी."

"अक्का, चुकलंच माझं."

"चुकलं तर खरंच. ढाल गेली तर तुला भवानी पेठेत येऊन माझ्या घरी सांगावं लागेल." तिनं हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं. "पण तू जेवढ्या जोरात पळत गेलीस ना, तेवढं आमच्यात कुणी पळत नाही. त्याचं काहीतरी करू."

पुढच्या दोन सामन्यांत सरांनी मला थोडा थोडा वेळ आत घेतलं. आता मी विचारून जायचे, पण दुसरंच दुखणं वर आलं. खो-खोत पाठलाग करायचा तो हात लावण्यासाठी. इथं हात लागला की फाऊल. मी पळून गाठायचे सगळ्यांना, आणि गाठलं की माझा हात आपोआप पुढं जायचा, पाठीला, दंडाला, मिळेल तिथं. एकदा तर आत जाऊन घाम यायच्या आधीच माझे तीन फाऊल झाले. सर डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं, तिला बाद करायचं नाहीये! तिच्या पुढं उभं राहायचंय फक्त!"

ते मला कळत होतं. हाताला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का घरून एक टॉवेल घेऊन आली. त्यांच्याच मागावरचा, लाल काठाचा. तिनं तो माझ्या पाठीमागं आडवा धरला आणि त्याची दोन टोकं माझ्या दोन हातांत दिली.

"हा सोडायचा नाही. आता मला अडव."

ती बॉल घेऊन निघाली. हात मागं अडकले की माणसाला कळतं, आपण पायांवर किती कमी भिस्त ठेवतो. पहिल्यांदा मी तोंडावर पडता पडता वाचले. दुसऱ्यांदा ती कधी निघून गेली कळलंच नाही. पण मेंढरू कळपातनं फुटायच्या आधी कुठल्या अंगाला जाणार हे त्याच्या खांद्यावरून दिसतं, ते मला लहानपणापासून दिसत होतं. अक्काच्याही खांद्यावर दिसायला लागलं. ती डावीकडं वळायच्या आधी मी डावीकडं असायचे. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी मेंढरू?" आणि टॉवेलानंच मला एक फटका दिला.

रोज सराव संपला की बाकीच्या जायच्या आणि आम्ही दोघी तेवढं करायचो. सिमेंट तापायला लागलं की थांबायचो.

मधले दोन्ही सामने आम्ही जिंकलो होतो. ज्यांची आम्हाला धास्ती होती ते स्टेशनकडचं कॉलेज, मागच्या वर्षीचे विजेते. त्यांना बार्शीच्या मुलींनी हरवलं आणि आमची गणितं परत जुळली. त्यांची एक हार, आमची एक हार, बाकी सगळ्यांच्या दोन किंवा जास्त. शेवटचा सामना आमचा आणि त्यांचा, आमच्याच मैदानावर. जो जिंकेल त्याची ढाल.

त्या रविवारी मावशी बघायला आली. कारखान्याला सुट्टी होती. मी नको म्हणत होते, कारण मी आत जाईन याची मलाच खात्री नव्हती. ती आली, डबा मांडीवर घेऊन ग्रंथालयाच्या पायरीवर बसली, आणि पहिली गोष्ट तिनं बघितली ती जाळी. "खरंच तळ न्हाय की गं," ती म्हणाली.

सामना बरोबरीनं चालला. ते दोन पुढं, आम्ही दोन पुढं. त्यांच्या एका मुलीकडं बॉल गेला की बाकावरच्या आम्ही सगळ्या पुढं सरकायचो, इतकी ती चपळ. तिला अक्कानं रोखून ठेवलं होतं, पण त्यापायी अक्काचे फाऊल वाढत होते. ऊन उतरून मैदानावर कडुलिंबाची सावली आली. अगदी थोडा वेळ राहिला, आम्ही तीन गुणांनी पुढं, आणि त्या मुलीला अडवताना अक्काचा हात तिच्या मनगटाला लागला. पाचवा फाऊल, आणि पाच झाले की खेळाडूला बाहेर जावं लागतं. अक्का बाहेर. त्यांना दोन फ्री थ्रो.

अक्कानं कुणाशी वाद घातला नाही. ती सरळ बाकाकडं आली. सर आमच्या तोंडाकडं बघत होते, कुणाला पाठवावं म्हणून. अक्का माझ्या मागून गेली. माझ्या पाठीवर तिचा हात पडला.

"खो," ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मान हलवली.

मी उठले. पळाले नाही. गुणलेखकांच्या टेबलापाशी गेले, माझा नंबर सांगितला आणि तिथंच उभी राहिले. पंच पलीकडच्या बाजूला होते. आमच्या मुली ओरडायला लागल्या, "जा की! जा की आत!" सरही म्हणाले, "अगं जा!" मी हलले नाही. पंचांनी माझ्याकडं बघून हातानं बोलावलं, तेव्हाच रेघ ओलांडली. अक्कलकोटच्या काही मुली बघायला आल्या होत्या. त्यांच्यातली एक ओरडली, "मोजा गं, पाचच हायत का!" आणि मैदानभर हशा पिकला. मलाही थोडं हसू आलं. त्यानं बरं वाटलं.

दोन्ही फ्री थ्रो पडले. आता आम्ही एका गुणानं पुढं. आम्ही बॉल टाकला तो कडीवर आपटून परत आला आणि त्यांच्या हातात गेला. तो त्या मुलीकडं आला. तिच्यासमोर मी.

आमच्या संघाचे फाऊल भरले होते. माझं बोट जरी लागलं तरी तिला दोन फ्री थ्रो, आणि ती चुकत नव्हती. बाकावरून अक्काचा आवाज आला, एकच शब्द. "टॉवेल!"

मी दोन्ही हात पाठीमागं नेले.

ती उजवीकडं निघाली, मी उजवीकडं होते. ती थांबली, वळली, मी तिथंही होते. तिची पाठ माझ्यापासून वीतभर अंतरावर आली. शाळेत असते तर ती केव्हाच बाद झाली असती. माझे हात मागं एकमेकांना घट्ट धरून बसले होते, टॉवेल नव्हता तरी. तिनं परत एकदा वाट शोधली. मग वेळ संपत आला म्हणून लांबूनच, अंग वाकडं करून बॉल फेकला.

तो कडीवर आपटला, पुन्हा आपटला, आणि बाहेर पडला.

नंतरचा आरडाओरडा मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या आणि मी हात मागं धरूनच उभी होते. मावशी पायऱ्या उतरून आली.

"जितलं न्हवं?"

"जितलं."

"मग तू हात मागं बांधून काय हुबी ऱ्हायलीस, मास्तरानं शिक्षा केल्यागत? बॉलला एकदा बी हात लावला न्हाईस. म्या सगळं बघितलंय."

अक्का ढाल छातीशी धरून शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मावशी, हिनं हात लावला नाही म्हणूनच जिंकलो."

मावशीनं थोडा विचार केला. "म्हंजी गाठायचं, आन् शिवायचं न्हाय?"

"हां. तेच."

"अवघड हाय की," मावशी म्हणाली, आणि डबा उघडून पहिला लाडू अक्काच्या हातावर ठेवला. बसमध्ये तिनं शेजारच्या बाईला सांगितलं, आमच्या पोरीमुळं जिंकले. त्या बाईनं विचारलं, किती गोल केले हिनं? "एक बी न्हाय," मावशी ताठ मानेनं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर मैदानावर गेले. अक्का आली तेव्हा ढाल एका कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेली होती. टोकं आत दाबून, दुकानात बांधतात तशी नीट.

"तू बांधलीस?" मी विचारलं.

"मी नाही. नान्नानं." वडिलांना ती नान्ना म्हणते. "रात्री माग थांबवून बघत बसले. सकाळी म्हणाले, उघडी नेऊ नको, धूळ बसेल." ती टॉवेल सोडायला लागली, हळूहळू, घडी न मोडता. ढाल कपाटात ठेवायला सरांकडं दिली आणि टॉवेल माझ्याकडं फेकला.

तो अजून माझ्याकडं आहे. अक्का आता पुण्यात नोकरीला आहे. यंदा आमच्याकडं मोहोळकडून एक मुलगी आली आहे, तीही घरातली पहिलीच कॉलेजला आलेली. कबड्डीची खेळाडू. बॉल घेऊन कुणी जवळ आलं की ती सरळ त्याची कंबर धरते. मी तिला उद्यापासून सराव संपल्यावर थांबायला सांगितलं आहे.