कोऱ्या बाटल्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही, जिला मी फोनवर रोजची भाजीसुद्धा सांगते. तुम्हाला सांगते.

जतहून इतक्या लांब गोंदियाला आले तेव्हा माझ्याकडं काय होतं? सातवीत सुटलेली शाळा. उंदरांवरच्या उवांचा अभ्यास करणाऱ्या मॅडमनी मला ठेवून घेतलं, भिंगातून बघायला शिकवलं, बसायला खुर्ची दिली. सुखराममामा गोरेगावकडच्या धानाच्या बांध्यांतून उंदीर पकडून आणायचे. एका पिशवीत एक, तोंडाला घट्ट गाठ. मी गुंगी दिलेला उंदीर पांढऱ्या ताटलीवर बारीक फणीनं विंचरायची. पडतील त्या उवा त्याच्या नंबरच्या बाटलीत. माझा हात चांगला होता. आजही आहे. एक ऊ सुटायची नाही.

मग इतक्या बाटल्या कोऱ्या का? कारण बहुतेक उंदरांवर काहीच नसायचं. एखादाच असा यायचा, की ताटली वळवळायची. पण कोरी पाटी दाखवली की शाळेत छडी मिळायची — कोरी बाटली बघून मॅडम मला घरी पाठवतील, असं वाटलं. म्हणून त्या एखाद्याच्या उवा मी चिमट्यानं उचलल्या आणि —

हो. बाकीच्यांच्या बाटल्यांत टाकल्या. थोड्या थोड्या, सगळ्यांना. हंगामभर.

मॅडम चक्रावल्या. साऱ्या उंदरांवर सारख्या उवा? सुखराममामा म्हणाले, "असं नाई रायत, मॅडम. एखादाच लदलेला रायते, बाकी सप्पा साफ." मग माझ्याकडं वळून हसले, "काऊन बाई, तू तं उवा वाटून नाई राहिली उंदराईले?"

सगळ्यात मोठ्यानं मी हसले.

मॅडमना एकच उलगडा सुचला — मामा एका पिशवीत चार-चार उंदीर कोंबत असणार, उवा तिथंच इकडच्या तिकडं होत असणार. खरं का ते, त्यांनी मला विचारलं. रोज सकाळी त्या गाठी कोण सोडायचं? मीच ना?

"असेल, मॅडम," मी म्हणाले.

मामांचं काम गेलं. जाताना ते पिंजरे धुऊन उन्हात पालथे घालून गेले.

पुढच्या हंगामात दुसरा माणूस आला. मी कोऱ्या बाटल्या कोऱ्याच ठेवल्या. "बघितलंस? माणूस बदलला आणि काम सुधारलं," मॅडम म्हणाल्या. मी मान डोलावली.

मामांनी एका पिशवीत दुसरा उंदीर कधीच घातला नव्हता.